ठकीवरचा आळ

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवघरात एकटी असतानासुद्धा नाही. पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती. सासरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात वरणात मीठ जास्त झालंय हे जावेला तोंडावर सांगून मोकळी झाले होते मी. आणि एवढी एक गोष्ट मात्र सोळा वर्षं पोटात राहिली. आता लिहायला बसले आहे, पण हात सरळ तिकडे वळत नाही. तर आधी मांजरीचं सांगते. सांगण्यासारखं तिचंच पुष्कळ आहे. माझं थोडकं आहे — आणि ते चांगलं नाही.

आमचं गाव सारंगखेडा, तापीच्या काठावर. मी नंदुरबारची, चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे सासरी थोडी आगाऊ समजली गेलेली. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊ आणि आम्ही दोघं. सासूबाईंना गाव आत्याबाई म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. जावेला जिजी. ठकी ही आत्याबाईंची मांजर. कापसाच्या ढिगात त्यांना सापडलेली, डोळेही न उघडलेली. कापसाची वात दुधात भिजवून भिजवून त्यांनी तिला वाढवली. करडी, पोटाशी पांढरी, चालण्यात भारी ऐट. वयानं माझ्या सासरवासाएवढी, पण घरातला मान माझ्याहून दोन पायऱ्या वर. हे मी रागानं म्हणत नाही. तो तिनं कमावला होता. आमच्या कणग्यांतला दाणा उंदराला कधी मिळाला नाही.

आमच्या घरात कितीतरी वर्षांत पाळणा हलला नव्हता. जिजीला मूल नाही, मला आठ वर्षं नाही. मग मला दिवस राहिले. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आणि लगेच जिजीनं मांजरीचा विषय काढला. बाळंतिणीच्या खोलीत मांजर नको, ती झोळीत चढते, लेकराच्या तोंडावर बसते, अमक्या गावात असं झालं आणि तमक्या गावात तसं. जिजी वाईट नव्हती. घरात येणाऱ्या मुलासाठी तिचा जीव माझ्याइतकाच टांगणीला लागला होता. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिले मी कोठेच धाडत नही. तिना जामीन मी शे." विषय संपला.

त्या वेळी मला आत्याबाईंचं हसू आलं होतं. मांजरीला कुणी जामीन राहतं का?

मुलगी झाली. शेवंता. आम्ही शेवू म्हणतो. आणि ठकी रुसली — अगदी माणसासारखी. तीन दिवस कणगीच्या झाकणावर आमच्याकडे पाठ करून बसली. दूध ठेवलं तर हुंगायची आणि परत वर. तोवर रोज दुपारी ती माझ्या पायाशी झोपत असे, पोट वाढलं तशी पोटाला टेकून झोपत असे. ती जागा आता एका लालबुंद, किंचाळणाऱ्या गाठोड्यानं घेतली. कुणाला आवडेल? मला तिची दया आली, पण मी स्वतःच त्या गाठोड्यापुढे भांबावलेली. तिच्याकडे कोण पाहणार?

चौथ्या दिवशी ती खाली उतरली. आधी वाळत घातलेल्या दुपट्यांचा वास घेतला, एकेका दुपट्याचा, घाई न करता. मग बाजेभोवती एक फेरी. मग झोळीपासून हातभर अंतरावर बसली आणि झोळी हलताना पाहत राहिली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. किती वेळ पाहत होती कोण जाणे! त्यानंतर झोळी किती लांब जाते हे तिला पाठ झालं. ती बरोबर त्याच्या बाहेर बसायची. झोळीचा धक्का तिला एकदाही लागला नाही. मला मात्र दिवसातून दोनदा लागायचा.

आणि तिनं स्वतःला बदललं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते. पूर्वी ती कणगीवरून जमिनीवर धपकन उडी मारायची. एकदा त्या आवाजानं शेवू दचकून रडली. त्या दिवसापासून ठकी आधी पिंपावर, पिंपावरून पाट्यावर, मग जमिनीवर अशी पावलापावलानं उतरू लागली, एखादी म्हातारी जिना उतरते तशी. उंदीर धरला तरी खोलीत खेळवायची नाही, तोंडात धरून थेट परसात. ओवा-शेपांची धुरी दिली की जिजीसुद्धा नाकाला पदर लावून बाहेर पळायची. ठकी शिंकायची, डोळे पुसायची, पण उठायची नाही. शेवू जागी झाली की रडण्याच्या आधी, नुसती चुळबुळ सुरू झाली की, ही आत्याबाईंकडे नाहीतर माझ्याकडे यायची आणि म्याव करायची. नेहमीचं भुकेचं म्याव वेगळं आणि हे वेगळं. आठ दिवसांत मला दोन्हींतला फरक कळू लागला. माझ्या मुलीची हाक मला आधी मांजरीनं शिकवली, असं म्हटलं तर खोटं नाही.

एके सकाळी तिनं एक मेलेला उंदीर झोळीच्या बरोबर खाली आणून ठेवला आणि बाजूला बसली. जिजी ओरडली. आत्याबाई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आहेर लई उनी वं माय!" म्हणाल्या, नातीला आहेर घेऊन आली म्हणून. तो उंदीर त्यांनी चिमट्यानं उचलला, पण ठकीच्या देखत नाही. ती बाहेर गेल्यावर. तिचा मान राखून.

मी इतकं लांबण का लावते आहे, तुम्हाला कळलं असेल. पुढचं सांगायचं नाही म्हणून.

शेवू दोन महिन्यांची होती. जावळ उतरेपर्यंत लेकराची नखं काढायची नाहीत अशी आमच्याकडे रीत. नखं वाढतात, लेकरू स्वतःलाच ओरबाडतं. म्हणून आत्याबाईंनी जुन्या धोतराच्या दोन चिमुकल्या पिशव्या शिवल्या होत्या, हातात घालून मनगटाशी नाडी बांधायची. आणि मला ताकीद दोन गोष्टींची. पिशव्या काढायच्या नाहीत, आणि मिरचीला हात लावायचा नाही.

कारण ते मिरच्यांचे दिवस होते. अंगणभर लाल मिरची वाळत पडलेली, आणि देठ खुडायचं काम जिजीच्या एकटीच्या गळ्यात. दोन महिने ती खुडत होती आणि मी बाजेवर होते. ती बोलायची नाही, पण टोपली आपटून ठेवायची. मला ते लागायचं. मी काय मुद्दाम निजून राहिले होते?

गावात घोड्यांची जत्रा भरली होती. त्या दिवशी घरातले सगळे देवाला आणि जत्रेला गेले. मी आणि शेवू घरी. निघताना आत्याबाई ठकीला म्हणाल्या, "पोरकडे ध्यान ठेव." मला नाही सांगितलं, तिला सांगितलं. मला जरा रागच आला.

शेवू झोपली होती. पिशव्या दूध ओघळून ओल्या झाल्या होत्या, त्या मी काढून दोरीवर टाकल्या. आणि अंगणात जाऊन मिरचीच्या ढिगाशी बसले. एक टोपली खुडून ठेवावी, जिजी आली की तिच्या पुढ्यात ठेवावी, बघू मग काय बोलते — एवढंच माझ्या मनात. चांगुलपणा नव्हता त्यात, खुन्नस होती.

अर्धी टोपली झाली असेल, ठकी आली. तेच म्याव, शेवूचं. मी म्हटलं, थांब गं, एवढी मूठ होऊ दे. ती गेली, परत आली. पदर दातांत धरून ओढला तिनं. मी तिला हातानं सारलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं. मग उठले. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. नुसत्या पाण्यानं! मिरचीचा हात पाण्यानं सुटत नाही, तेल लावावं लागतं, ताक लावावं लागतं, हे आमच्याकडची सहा वर्षांची पोर सांगेल. मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाई होती.

मी तिला पाजायला घेतलं. डोळ्यांतलं पाणी बोटानं पुसलं. त्याच बोटानं.

लेकरू किंचाळलं. ती दोन्ही मुठी डोळ्यांवर घासू लागली, उघड्या मुठी, वाढलेली नखं. मी हात धरीपर्यंत गालावर तीन ओरखडे उठले, एक तर डोळ्याच्या अगदी खालून. रक्त आलं. मी तिला बाजेवर ठेवलं आणि वेड्यासारखी ताक शोधत सुटले. परत आले तर ठकी बाजेवर. दोन महिन्यांत पहिल्यांदा. शेवूच्या डोक्याशी उभी राहून, तिच्या केसांना नाक लावून, असल्या आवाजात रडत होती की तसा आवाज मी मांजरीचा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी जिजीचा आवाज आला.

आता ऐका मी काय केलं. मी दोरीवरच्या पिशव्या ओढल्या आणि शेवूच्या हातांत सरकवून नाड्या बांधल्या. तेव्हा मांजरीचा विचारही माझ्या डोक्यात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पिशव्या काढल्या म्हणून बोलणी बसतील, एवढीच भीती होती. पण शपथ घेऊन काय होणार? आधी भीती वाटली म्हणून पुढचं काही पुसलं जातं का?

जिजी दारात आली. तिनं पाहिलं ते एवढंच — लेकराचे हात झाकलेले, गालावर तीन लाल रेघा, आणि उशाशी मांजर. "मी पहिलेच सांगं व्हतं!" ती ओरडली. "मांजरनी वरबाडं पोरले!"

मी बोलले नाही. जिजीनं झाडू मारून ठकीला हाकललं, मी बोलले नाही. मागोमाग आत्याबाई आल्या, प्रसादाची पुडी हातात तशीच. त्यांनी शेवूला उचललं, गालावर तूप लावलं, तिला शांत केलं. मग माझ्याकडे वळल्या. जिजीच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं. त्या एका शब्दासाठी थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तू दखं का?"

मी मान हलवली. हो, पाहिलं म्हणून.

एवढंच आहे ते. सोळा वर्षं पोटात ठेवलं ते हे, एकदा हललेली मान. हात पदराखाली होते. चुरचुरत होते.

आमच्याकडे मांजर मारत नाहीत. मोठं पाप समजतात. मांजर नकोशी झाली की गोणीत घालून नदीपार सोडतात, आणि सोडणारानं मागं वळून पाहायचं नाही. दीर म्हणाले, मी नेतो. आत्याबाई म्हणाल्या, जामीन मी होते, मीच नेईन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठकीला हाक मारली. ती आली, का येणार नाही? गोणीत त्यांनी दुधात कुस्करलेली भाकर ठेवली होती. नावेत बसून पलीकडे गेल्या, दुपारी रिकामी गोणी घेऊन परतल्या. गोणी घडी करून ठेवली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी खुडलेली अर्धी टोपली गुपचूप परत ढिगात ओतली होती; जिजीनं तिथं बिनदेठाच्या मिरच्या पाहिल्या, तेव्हा म्हणाली, फार वाळल्या की देठ आपोआप गळतात. मी म्हटलं, हो.

इथंच संपलं असतं तर मी भित्री, इतकंच ठरलं असतं. पण ठकी परत आली.

पंधराएक दिवसांनी, भर दुपारी. आत्याबाई शेतावर, जिजी विहिरीवर. मी शेवूला झोका देत होते. परसाच्या दारातून ती आत आली, हाडांचा सापळा, एक पाय उचलून धरलेला, शेपटीचे केस गेलेले. नदी तिनं कशी ओलांडली? कुणाच्या नावेत चाऱ्याखाली दडली, की हिवाळ्यात पाणी उतरलेल्या जागेतून आली? मला आजही कळत नाही. आणि कुठल्या ओढीनं आली? चुलीकडे गेली नाही, दुधाकडे गेली नाही. झोळीपासून हातभर अंतरावर, आपल्या जागी, येऊन बसली. शेवूकडे पाहिलं. मग पाय चाटू लागली.

माझ्या मनात काय आलं असेल? आनंद? आला, खोटं का सांगू, क्षणभर. आणि पाठोपाठ भीती. ही राहिली तर आत्याबाई हिला जवळ घेतील. ही लेकराला काही करत नाही हे पुन्हा रोज दिसेल. आणि मग कुणीतरी विचारील, त्या दिवशी नेमकं झालं काय होतं?

नेमकी त्याच वेळी दारावर एक पहाडातली बाई टोपल्या विकायला आली होती, पार मोलगीकडची. वर्षातून एकदोनदा त्यांचा तांडा खाली उतरायचा. मी तिच्याकडून झाकणाची टोपली घेतली, दोन सुपं ज्वारी दिली, आणि ठकीला उचलून त्या टोपलीत ठेवलं. मग टोपली तिलाच परत दिली. बाई गोंधळली. मी खुणांनी, मोडक्या बोलीत सांगितलं, ही ने, उंदीर चांगले धरते, घरी लेकरं असतील तर लेकरं सांभाळते. तिनं झाकण उचलून आत पाहिलं, ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसली. तेवढं बरं झालं.

टोपलीत घालताना ठकी घाबरली होती. दुखरा पाय माझ्या मनगटावर टेकला होता. एक झडप मारली असती तर माझं मनगट फाटलं असतं. तिनं नखं बाहेर काढली नाहीत. आत ओढून धरली होती, गादीसारखा मऊ पंजा. मला तो अजून मनगटावर जाणवतो. जिच्या नखांवर मी आळ घेतला, तिची नखं मी त्या दिवशी पाहिलीच नाहीत.

ती परत आली होती हे मी कुणाला सांगितलं नाही. आत्याबाई रोज संध्याकाळी परसाच्या दारात एक खापरी दूध ठेवायच्या. सकाळी ती खापरी कुत्र्यानं नाहीतर कावळ्यानं पुसलेली असायची. कधी कधी मला विचारायच्या, "मांजरं पारतून परत येतंस म्हनतंस, खरं शे का वं?" मी म्हणायची, काय माहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दूध ठेवत होत्या. मग एक दिवस खापरी धुऊन आत ठेवली.

त्यानंतर त्यांनी घरात कशाचीही खात्री दिली नाही. बैल घ्यायचा असो, शेवूच्या दुखण्यावर काढा असो, त्या म्हणायच्या, तुमी दखा, मन्ही अक्कल एक डाव चुकनी शे. इतकी करारी बाई. शेवूच्या गालावर खूणसुद्धा उरली नाही. आत्याबाईंचं तसं नाही झालं.

गेल्या थंडीत त्या अंथरुणाला लागल्या. शेवू आता सोळा वर्षांची, रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. एके सकाळी मी पेज घेऊन खोलीत गेले. आत्याबाईंनी शेवूचा हात धरला होता. नीट उठवत नव्हतं, तरी दुसरा हात जोडण्यासारखा छातीशी आणला. नातीला म्हणाल्या, "माय, मी तुन्ही गुन्हेगार शे. मन्ही मांजरवर मी इस्वास ठेवा, आन तुन्हा डोया जाता जाता वाचना. माले माफ कर."

शेवू हसली. म्हणाली, "अवं माय, माले काय याद शे त्यानी?" आणि त्यांचे हात खाली घेऊन पांघरुणात ठेवले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "चुकनू ना वं मी?"

आम्हा तिघींखेरीज घरात कुणी नव्हतं. जिजी दोन वर्षांपूर्वीच गेलेली. बोलणी बसायची भीती उरली नव्हती, घाई नव्हती. पेज गरम होती, वाफ माझ्या तोंडावर येत होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "हो आत्याबाई. पण आता ते मनात आणू नका."

त्यांनी मान डोलावली, जशी मी एकदा डोलावली होती तशी नाही. खरं कबूल करणाऱ्या माणसासारखी. पेज दोन घोट प्यायल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. न केलेल्या चुकीची क्षमा मागून गेल्या, आणि ती चूक जिची, तिनंच त्यांना शेवटची पेज पाजली.